होस्टेलचा व्हरांडा कुठे गेला?

मे महिन्यातली दुपार, साडेतीनचा सुमार. भाचीचा फोन आला. घर चंद्रपूरला, शिक्षण नागपुरात, आणि यंदा कॉलेजच्या नव्याकोऱ्या होस्टेलात खोली मिळालेली. "मामा, खोली नाही जी ही, भट्टी आहे. कूलर लावला की अंग चिकचिक करते, बंद केला की भाजून निघतो आम्ही. इमारत नवी, टाइल्स नव्या, तरी असं काहून होते?"

मी पंचवीस वर्षं या शहरात घरांचे आणि शाळांचे नकाशे काढतोय, त्यामुळे नात्यागोत्यातले असले प्रश्न माझ्याच वाट्याला येतात. मुलींच्या होस्टेलात मामाला फाटकाच्या आत प्रवेश नसतो. म्हटलं, नकाशा काढून फोटो पाठव. तिने वहीच्या पानावर पेन्सिलीने काढून पाठवला. मधोमध एक लांबलचक पट्टा, त्याच्या दोन्ही अंगांना बारा-बारा चौकोन, एका टोकाला जिना, दुसऱ्या टोकाला संडास-बाथरूम. पट्ट्यावर लिहिलं होतं, "इथे दिवसाही लाइट लागतो." आणि स्वतःच्या चौकोनावर बाण काढून, "आम्ही. पश्चिम."

उत्तर त्या दोन नोंदींतच होतं. पण तेवढंच सांगितलं असतं तर तिला वाटलं असतं मामा टाळतोय. म्हणून नीट लिहून काढलं. लिहिता लिहिता लक्षात आलं की दर जून-जुलैत सामानाची बॅग घेऊन या शहरात खोली शोधत फिरणाऱ्या पोरापोरींना आणि त्यांच्या आईबापांनाही हे कामी येईल. फी, मेस आणि वायफाय सगळे विचारतात. दारासमोर काय आहे, हे कोणी विचारत नाही.

होस्टेलची इमारत वरवर अगदी सोपी वाटते. एक खोली काढायची आणि ती शंभरदा छापायची. पण घरात ओसरीतून माजघरात आणि माजघरातून स्वयंपाकघरात जाता येतं, तसं इथे चालत नाही. एकाच्या खोलीतून दुसऱ्याच्या खोलीत जायचं नसतं. प्रत्येक दाराला स्वतंत्र वाट लागते, आणि ही वाट कुठून न्यायची यावरच सगळा नकाशा ठरतो. रीती तीनच. वाट खोल्यांच्या एका अंगाने न्यायची आणि तिची दुसरी बाजू उघडी ठेवायची, म्हणजे आपला व्हरांडा. किंवा वाट मधोमध नेऊन दोन्ही अंगांना खोल्या लावायच्या, म्हणजे पॅसेज. किंवा लांब वाटच काढायची नाही. एका जिन्याभोवती थोड्या खोल्या गोळा करायच्या आणि खोल्या वाढल्या की जिने वाढवायचे.

पहिली रीत आपल्याकडे फार जुनी. अजिंठ्याला गेलात तर गर्दी चित्रांच्या लेण्यांत असते. बारा क्रमांकाच्या लेण्यात फारसं कोणी थांबत नाही. ते इसवी सनापूर्वीच्या टप्प्यातलं. समोरची भिंत पडून गेलेली, आत चौकोनी दालन, तिन्ही बाजूंना चार-चार अशा बारा खोल्या. प्रत्येक खोलीत झोपायला दगडातच कोरलेले दोन ओटे. आजच्या भाषेत डबल शेअरिंग. उशाला सुद्धा दगडच. दोन हजार वर्षांपूर्वी एका खोलीत दोन जण आणि बाहेर सगळ्यांचं मिळून एक दालन, हा हिशोब पक्का झाला होता. पुढे नालंदाच्या विहारांत तोच नकाशा विटांत उतरला: मधे उघडा चौक, चौकाभोवती व्हरांडा, व्हरांड्याला लागून खोल्या. सातव्या शतकात ह्युएन त्संग तिथे शिकायला राहिला तेव्हा खोलीतून बाहेर पाऊल टाकलं की तो व्हरांड्यातच येत असणार. विदर्भातल्या जुन्या वाड्यांतला चौक आठवला तर हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

तिसरी रीत, जिन्याची, इंग्रजांची. ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजात मॉब क्वाड नावाचा चौक आहे, तेराव्या-चौदाव्या शतकात बांधलेला. चौकात उघडणारी दारं, दारातून वर जाणारा जिना, जिन्याच्या आजूबाजूला खोल्या. तिथली मुलं आजही स्वतःचा पत्ता सांगताना जिन्याचा क्रमांक सांगतात. शेकडो वर्षं ऑक्सफर्ड-केंब्रिजला हेच चाललं. मग १८६९ साली एमिली डेव्हिस आणि सोबतच्यांनी मुलींसाठी गर्टन कॉलेज काढलं आणि १८७३ मध्ये ते केंब्रिजजवळ आल्फ्रेड वॉटरहाउसने आखलेल्या इमारतीत गेलं. तिथे जिन्यांची रीत मोडून खोल्या लांब कॉरिडॉरवर ओवल्या. कारण अगदी ओळखीचं आहे. दहा जिने असले तर दहा ठिकाणी नजर ठेवावी लागते. कॉरिडॉर एक असला की एका टोकाला उभं राहून सगळं दिसतं. मुली शिकायला आल्या आणि इमारतीला डोळे फुटले. भाचीच्या होस्टेलात जिन्यापाशी वॉर्डन मॅडमचं टेबल कुठे ठेवलंय हे मी तिला विचारलं नाही, तिनेच न विचारता सांगितलं.

मधोमधच्या पॅसेजची रीत फोफावली ती थंड मुलखात, आणि तिथे ती शहाणपणाची होती. बर्फ पडतो, वाफेच्या नळांनी इमारत तापवायची, मग बाहेरच्या भिंती जितक्या कमी तितकं बरं. खोल्या पाठीला पाठ लावून बसवल्या की ऊब आत राहते. आपल्याकडे ती आली थंडीमुळे नव्हे, पैशामुळे.

हिशोब करून बघा. खोली १० फूट रुंद, १३ फूट खोल, म्हणजे १३० चौरस फूट. समोर ६ फुटी व्हरांडा दिला तर दर खोलीमागे ६० चौरस फूट वाटेत गेले. तोच पॅसेज ७ फुटी करून मधोमध घातला तर तो समोरासमोरच्या दोन खोल्यांत वाटला जातो, म्हणजे एका खोलीमागे ३५. दर खोलीमागे २५ चौरस फूट वाचले. दोनशे खोल्यांच्या होस्टेलात पाच हजार, म्हणजे तेवढ्याच बांधकामात तीस खोल्या जास्तीच्या. शिवाय पाया कमी, बाहेरचा गिलावा कमी, रंग कमी. टेंडर उघडायच्या मीटिंगमध्ये या तीस खोल्यांपुढे व्हरांडा टिकणं कठीण असतं. मी अशा मीटिंगांत बसलोय. एकदा "सर, वारा खेळता राहील" असं म्हणालो, तर समोरचे गृहस्थ शांतपणे म्हणाले, "वाऱ्याची फी किती येते?" चहा पिऊन परत आलो.

नागपुरात होस्टेलांची गरज फार आधीपासून. हिस्लॉप कॉलेज १८८३ चं, मॉरिस कॉलेज १८८५ चं. ४ ऑगस्ट १९२३ ला नागपूर विद्यापीठ निघालं तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाड हा केवढा तरी मुलूख त्याच्या पदराखाली होता. सागरला वेगळं विद्यापीठ व्हायला १९४६ उजाडलं. राजधानीचं शहर, त्यामुळे अमरावतीकडचा मुलगाही इथे आणि जबलपूरकडचाही इथेच. पुढे १९४२ मध्ये लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट, १९४७ मध्ये मेडिकल कॉलेज, १९६० मध्ये व्हीआरसीई हे इंजिनिअरिंग कॉलेज, म्हणजे आजची व्हीएनआयटी. व्हीआरसीई ही 'रीजनल' म्हणून निघालेली, निम्म्या जागा इतर राज्यांच्या मुलांसाठी. तिथे होस्टेल नसतं तर कॉलेजच चाललं नसतं.

महाराष्ट्रात मात्र वसतिगृहाची गोष्ट इमारतीपासून सुरू होत नाही, पंगतीपासून होते. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं आणि मग एकेका समाजाची बोर्डिंगं उभी राहिली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहतील, एकत्र जेवतील असं बोर्डिंग चालवलं. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचं श्री छत्रपती शाहू बोर्डिंग असं नामकरण झालं. तिथे खोल्या पश्चिमेला आहेत का, हे कोणी बघत नव्हतं. मुलगा कोणाशेजारी पाटावर बसतो, ते बघितलं जात होतं. आजही होस्टेलच्या नकाशात मेसचा हॉल एकच असतो आणि कुठल्याही मजल्यावरून खाली यावंच लागतं, याच्या मागे तो इतिहास आहे. हल्ली मजल्यागणिक पँट्री मागतात तेव्हा मला जरा खटकतं, पण ते असो.

आता उन्हाकडे येतो, कारण नागपुरात शेवटी सगळे नकाशे तिथेच येऊन अडतात.

२३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंशांची नोंद झाली. (२०२४ च्या मेअखेर एका यंत्रावर ५६ अंश झळकले आणि देशभर बातमी गेली, नंतर हवामान खात्याने सांगितलं की सेन्सर बिघडला होता. आम्हा नागपूरकरांना मात्र पहिल्या दिवशी ते खरं वाटलं होतं.) शहर २१ अंश उत्तर अक्षांशाच्या जरा वर, म्हणजे कर्कवृत्ताच्या खाली. त्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा आपल्या बरोबर डोक्यावर येतो, आणि त्यातला पहिला दिवस येतो २६ मेच्या आसपास. नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो तोही याच दिवसांत. घरच्या म्हाताऱ्यांना पंचांगातून जे ठाऊक होतं तेच अक्षांशाच्या गणितातून निघतं: त्या दिवशी दुपारी उभ्या खांबाची सावली त्याच्या पायातच पडते.

सूर्य असा माथ्यावर असला की उत्तर आणि दक्षिणेच्या भिंतींवर दुपारी ऊन जेमतेम घासून जातं. सगळा मारा गच्चीवर. म्हणून वरच्या मजल्याची खोली नको म्हणावं, आणि गच्चीला दर उन्हाळ्याआधी चुन्याची पांढरी सफेदी मारावी. स्वस्त आहे आणि फरक पडतो. दक्षिणेच्या खिडकीचं तर औषध फारच सोपं. खिडकी ४ फूट उंच, वर २ फुटी छज्जा. मार्च आणि सप्टेंबरात दिवसरात्र सारखी असते तेव्हा दुपारी त्या छज्ज्याची सावली ५ फुटांच्या वर उतरते, अख्खी खिडकी झाकली जाते. डिसेंबरात सूर्य खाली येतो, सावली २ फुटांवर थांबते आणि निम्म्या खिडकीतून कोवळं ऊन आत येतं, नेमकं हवं असतं तेव्हा. एक साधा काँक्रीटचा छज्जा वर्षभर स्वतःच्या अकलेने चालतो. जूनच्या अखेरीस दुपारचा सूर्य किंचित उत्तरेला कलतो, म्हणून नागपुरात उत्तरेच्या खिडकीलाही छोटा छज्जा लागतो. दिल्लीवाल्या कन्सल्टंटला हे पटवून द्यावं लागतं.

पश्चिमेला हे सगळं गणित बसतं... आणि बसतं म्हणजे कोसळतं. मेमध्ये संध्याकाळी पाचला सूर्य क्षितिजापासून साधारण २३ अंशांवर असतो. तोच २ फुटी छज्जा आता खिडकीवर फक्त दहा इंच सावली देतो. छज्जा आहे, पण वीतभर सावलीसाठी. बाकी ऊन सरळ पलंगावर. त्यात पश्चिमेचं ऊन येतं तेव्हा हवा आधीच तापलेली असते; पूर्वेच्या खोलीला निदान सकाळची थंड हवा मिळालेली असते.

भिंतीचा खेळ आणखी वाईट. विटेची नऊ इंची भिंत बाहेरची उष्णता आत पोचवायला साधारण सहा-सात तास घेते. दुपारी तीन ते सहा जे ऊन तिने खाल्लं ते ती रात्री दहा ते एकच्या दरम्यान आत सोडते. बाहेर हवा निवत आलेली, आत भिंतीला हात लावला तर कोमट तव्यासारखी. भाचीने विचारलं होतं, रात्री अकरालाच जास्त का उकडतं? त्याचं उत्तर हे. जुन्या इमारतींच्या दीड-दीड फुटी भिंती हीच उष्णता पहाटेवर ढकलत, जेव्हा खिडक्या उघड्या टाकून ती घालवता यायची. आता खांब-तुळयांचा सांगाडा भार घेतो, कित्येक इमारतींत भिंत चार-सहा इंचीच असते, आणि तिथे उष्णता संध्याकाळच्या चहालाच घरात हजर.

म्हणून जुने लोक दोन गोष्टी करत. इमारत पूर्व-पश्चिम लांब ठेवायची, म्हणजे खोल्यांची तोंडं उत्तर-दक्षिणेला येतात, आणि पश्चिमेच्या टोकाला जिना, संडास, सामानाची खोली टाकायची. तापायचं तर जिना तापू दे. आणि प्लॉटच आडवा निघाला, खोल्या पश्चिमेला आल्याच, तर पश्चिमेच्या अंगाला व्हरांडा द्यायचा. सहा फुटी व्हरांडा म्हणजे सहा फुटी छज्जाच की, वर चालायला वाट फुकट. सिव्हिल लाइन्सचे जुने बंगले भोवतीने व्हरांडे घेऊन बसलेत ते साहेबांच्या ऐटीसाठी कमी आणि यासाठी जास्त.

मी स्वतः ज्या होस्टेलात राहिलो ते अशाच घाटाचं होतं. तीन मजले, एकेरी खोल्या, लांब व्हरांडा, कंबरेइतका लोखंडी कठडा. कठड्यावर ओळीने टॉवेल. टोकाला लाकडी तिपाईवर माठ आणि साखळीने बांधलेला स्टीलचा पेला, कारण न बांधलेला पेला आठवड्यात गायब व्हायचा. खोलीला समोर दार, मागे खिडकी, दारावर काचेची झडप, तिला ओढायची सुतळी. एप्रिल संपला की आम्ही गाद्या व्हरांड्यात आणायचो. कोण कुठे झोपणार याचे अलिखित सातबारे होते. परीक्षेच्या आदल्या रात्री शेजारच्या खोलीतला अकोल्याचा मुलगा अंधारात मोठ्याने थर्मोडायनॅमिक्स म्हणायचा आणि तिसऱ्या गादीवरून कोणीतरी त्याची चूक दुरुस्त करायचा. तो विषय मी तसाच पास झालो.

त्या सुतळीच्या झडपेचं महत्त्व मला कळलं ते फार उशिरा, कूलरमुळे. कूलर हवा थंड करतो ती पाणी उडवून, माठासारखीच. मडक्याच्या अंगावरचं पाणी वाफ होताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं; कूलरच्या वाळ्याच्या किंवा गवताच्या टट्ट्यांवर तेच घडतं. हवा जितकी कोरडी तितकं पाणी जास्त उडतं. नागपुरात ४४ अंश असतील आणि हवेत दमटपणा १५ टक्के, तर अशी हवा ओल्या फडक्यातून गाळत नेली तर अगदी २३ अंशांपर्यंत उतरू शकते. घरचा कूलर तिथवर पोचत नाही, पण २९-३० ला आणून सोडतो. पावसाळ्यात हवा आधीच ओली, मग तोच कूलर नुसता पंखा होतो.

यातली मेख अशी की कूलर खोलीत हवेबरोबर ओलही ढकलत असतो. ती हवा समोरून बाहेर पडायलाच हवी. खिडकीत कूलर, समोर उघडं दार किंवा झडप, पलीकडे मोकळा व्हरांडा, असं असलं की ओली हवा निघून जाते आणि मागून ताजी कोरडी हवा येते. भाचीच्या होस्टेलात काय होतं? चोवीस खोल्यांच्या खिडक्यांत चोवीस कूलर. सगळे आपापली ओली हवा दारातून एकाच अंधाऱ्या पॅसेजमध्ये ढकलतात. पॅसेजच्या एका टोकाला संडास, दुसऱ्या टोकाला जिना, आणि जिन्याची खिडकी "सेफ्टी"साठी प्लास्टिकच्या पत्र्याने बंद केलेली. हवा जाणार कुठे? ती परत दारांच्या फटीतून खोल्यांत येते. म्हणून अंग चिकचिक. मुलींच्या होस्टेलात हे हमखास: आधी जाळी लागते, मग जाळीवर पत्रा, मग पत्र्यावर नोटीस.

हे झालं हवेचं. पण वाट कुठून जाते यावर माणसांचंही बरंच ठरतं, आणि हे मोजून झालेलं आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत एमआयटीच्या विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीत फेस्टिंगर, शॅक्टर आणि बॅक या तिघा संशोधकांनी तपासलं की कोणाची मैत्री कोणाशी होते. शेजारच्याच दाराची माणसं जवळचे मित्र म्हणून ४१ टक्के वेळा सांगितली गेली, एक दार सोडून पलीकडची २२ टक्के, आणि त्याच मजल्याच्या टोकाची १० टक्के. मधलं अंतर काही पावलांचं. पुढे सत्तरच्या दशकात बॉम आणि व्हॅलिन्स यांनी लांब पॅसेजची होस्टेलं आणि चार-सहा जणांच्या छोट्या गटांची होस्टेलं शेजारी ठेवून पाहिली. दर माणशी जागा जवळपास सारखीच. तरी पॅसेजवाल्यांना गर्दी जास्त वाटायची, ते अनोळखी लोकांपासून तोंड चुकवायचे. रोज तीस-चाळीस चेहरे समोर येतात, त्यातले निम्मे ना धड ओळखीचे ना अनोळखी. कोणाला हसावं, कोणाला नाही? माणूस दार लावून घेतो.

मला यातलं सगळ्यात आवडतं ते पुढचं पाऊल. बॉम आणि डेव्हिस यांनी एका लांब पॅसेजमधल्या मधोमधच्या तीन खोल्या काढून तिथे बसायची जागा केली आणि दारं लावून पॅसेज दोन तुकड्यांत तोडला. चाळीसेक मुलांचा एक घोळका होता, त्याचे वीस-वीसचे दोन झाले. तेवढ्याने गर्दीची तक्रार उतरली आणि ओळखी वाढल्या. तीस खोल्या वाचवणाऱ्या आमच्या टेंडर कमिटीला तीन खोल्या परत मागायला हरकत नाही, असं मला तेव्हापासून वाटतं.

मोठमोठ्या वास्तुरचनाकारांनीही या पॅसेजशीच झुंज घेतलीय. एमआयटीतच अल्वार आल्तो या फिनलंडच्या माणसाने १९४९ मध्ये बेकर हाउस पुरं केलं. चार्ल्स नदीच्या काठी, नागासारखी वळणं घेत जाणारी विटांची इमारत. सरळ बांधली असती तर थोड्याच खोल्यांना नदी दिसली असती. वळवल्यामुळे बहुतेकांना तिरकी का होईना, दिसते. एका मजल्यावर ४३ खोल्या आणि त्यांचे २२ वेगवेगळे आकार. पॅसेज कुठे फुगतो, कुठे आवळतो, फुगला तिथे मुलं बसतात. ज्या डीनचं नाव या इमारतीला आहे ते एव्हरेट बेकर ऑगस्ट १९५० मध्ये मुंबईहून परतताना कैरोजवळच्या विमान अपघातात गेले. त्याच विमानात माचेय नोविकी होता, चंदीगडचा पहिला आराखडा करणाऱ्यांपैकी एक. तो गेला म्हणून चंदीगडचं काम पुढे ले कॉर्बुझिएकडे आलं. कॉर्बुझिएचीही ओळख अर्धी होस्टेलावर झालेली: पॅरिसमधलं स्विस विद्यार्थ्यांचं होस्टेल, १९३३ चं, खांबांवर उचललेलं, खोल्यांची तोंडं झाडून दक्षिणेला आणि भिंत काचेची. पॅरिसच्या थंडीत दक्षिणेचं ऊन म्हणजे चैन. ती काच उचलून नागपुरात लावणारेही भेटतात, त्याचं मात्र वाईट वाटतं.

आपल्याजवळचं उदाहरण अहमदाबादचं. आयआयएममध्ये लुई कान या अमेरिकी वास्तुरचनाकाराने साठच्या दशकात विद्यार्थ्यांच्या इमारती आखल्या तेव्हा पॅसेज मुद्दाम टाळला. दहा-दहा खोल्या जिन्याभोवती आणि चहाच्या खोलीभोवती गोळा केल्या. येता-जाता कोणीतरी भेटावं, तिथेच अभ्यासाची चर्चा रंगावी, हा त्याचा हेतू. बाहेर विटांच्या जाड भिंती, त्यांत मोठे गोल झरोके, त्यामागे सावली. काळाने लोखंड गंजलं, २००१ च्या भूकंपाने तडे गेले. डिसेंबर २०२० मध्ये अठरापैकी चौदा इमारती पाडायची भाषा निघाली, जगभरातून ओरड झाली आणि पंधरवड्याच्या आत संस्थेने पाऊल मागे घेतलं. दोन वर्षांनी प्रश्न पुन्हा वर आला. ज्यांनी तिथे राहून चहा प्यायलाय ते त्या इमारतींविषयी भांडतात, हे मला महत्त्वाचं वाटतं. पॅसेजसाठी कोणी भांडल्याचं ऐकिवात नाही.

आणि उलट टोक बघायचं तर कॅलिफोर्नियात. सांता बार्बराच्या विद्यापीठाला चार्ली मंगर या अब्जाधीशाने २० कोटी डॉलर देऊ केले, अट अशी की होस्टेल त्याच्याच आराखड्याने व्हावं: सुमारे साडेचार हजार मुलं, आणि बहुतेक खोल्यांना खिडकीच नाही. मुलं एकत्र जागी यावीत म्हणून खोल्या आत कोंडायच्या. विद्यापीठाच्या सल्लागार समितीतले एक वास्तुरचनाकार २०२१ मध्ये राजीनामा देऊन बाहेर पडले, आणि २०२३ मध्ये विद्यापीठाने तो बेत सोडला. आमच्याकडे असं काही झालं असतं तर पहिल्याच दुपारी लाइट गेल्यावर प्रश्न निकालात निघाला असता.

भाचीला मी तीन कामं सांगितली. पश्चिमेच्या खिडकीला आतून पडदा लावून उपयोग नाही, ऊन काचेच्या आत येऊन चुकलेलं असतं. बाहेरून चटई किंवा हिरवी नेट बांधायची. पलंग पश्चिमेच्या भिंतीपासून हातभर लांब ओढायचा. आणि सगळ्याजणींनी मिळून अर्ज द्यायचा की जिन्याच्या खिडकीवरचा पत्रा काढून तिथे नुसती जाळी ठेवा. पहिली दोन त्याच दिवशी झाली. तिसऱ्याला तीन आठवडे आणि दोन अर्ज लागले. शेवटी वॉर्डन मॅडमच्याच टेबलाला वारा लागेल हे कोणीतरी सुचवलं तेव्हा सुतार आला.

परवा तिचा फोन होता. कूलरची चिकचिक कमी झाली म्हणाली, तरी खोली तापतेच. "पण मामा, आता भांडण दुसरंच आहे. जिन्याच्या त्या खिडकीखाली दोन पायऱ्या आहेत ना, रात्री जेवण झाल्यावर तिथे बसायला जागाच मिळत नाही. टोकाच्या खोलीतल्या पोरी आधीच येऊन बसतात, जेवायच्या आधी रुमाल टाकून ठेवतात बाप्पा!"